अकरा किलोच्या आत

तिनं मुलीच्या पायांतले वाळे काढले. मग कमरेचा करदोटा, गळ्यातला ताईत, केसांतल्या दोन्ही क्लिपा. शेवटी झबलंही काढून तिनं त्या उघड्या पोरीला वजनकाट्यावर निजवलं आणि श्वास रोखून आकड्याकडे बघत राहिली.

मी पडद्याच्या अलीकडे बसले होते. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचा हिरकणी कक्ष म्हणजे एक पलंग, दोन खुर्च्या, एक पडदा आणि कोपऱ्यात लहान मुलांचा काटा. माझी ईरा तेव्हा सात महिन्यांची होती. ती घरी सासूबाईंजवळ असायची आणि मी दुपारी वरच्या मजल्यावरून खाली येऊन तिच्यासाठी दूध काढून ठेवायचे. हातपंपाची चुकचुक ऐकूनही त्या बाईनं वळून पाहिलं नाही.

"किती भरलं?" मीच विचारलं.

"दहा सातशे."

आवाज चिंतेचा वाटला, म्हणून मी आपली नेहमीची भाषा काढली. "वाढेल हो हळूहळू. काही मुलं बारीकच असतात."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. माझ्याच वयाची असेल. हसली, पण ओठांनीच.

"वाढू नये म्हणून तर जीव टांगणीला लागलाय, ताई."

मुलगी अडीच वर्षांची होती. काट्यावरून उचलताना तिचे पाय शिवलेल्या बाहुलीसारखे खाली लोंबले. मान मात्र ताठ, आणि डोळे सगळ्या खोलीभर. ते माझ्या मांडीवरच्या उघड्या डब्यावर येऊन थांबले. डब्यात अळिवाचे लाडू होते. सासूबाई रोज दोन देत.

"आये, लालू," ती म्हणाली.

आईनं तिचं तोंड स्वतःच्या खांद्याकडे वळवलं. "ते बाळाच्या आईचं औषध आहे, स्वरू. आपलं नाही."

मी डबा झाकला.

"झाकू नका. खा तुम्ही," ती म्हणाली. "दुधाला लागतं. मी बायांना रोज हेच सांगते. अंगणवाडीत आहे ना मी, बार्शीकडं. पोरांची वजनं घेते. कमी भरलं की आईला फैलावर घेते, काय खायला घालतेस म्हणून. आणि आता बघा की माझं!"

नाव सारिका लोंढे. मुलीचं स्वरांजली. मुलीचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चालले होते. आज बसणारी मुलगी उद्या बसू शकेलच असं नाही, पुढे गिळणं जाईल, मग श्वास. हे सगळं तिनं झबलं घालता घालता सांगितलं, सवय झालेल्या आवाजात.

"पण इथल्या तांबोळी डॉक्टरबाईंकडं औषध होतंय. जन्मात एकदाच द्यायचं, सलाईनमधून. माझ्या पोरीला पहिला नंबर दिलाय. फक्त ते मापाचं आहे. अकरा किलोच्या लेकराला पुरेल एवढंच निघतंय म्हणे. वर गेली तर नाही."

माझा पंपावरचा हात थांबला.

तो आकडा मला माहीत होता. आमच्या वरच्या मजल्यावरूनच तो निघाला होता. आम्ही तिथं माणसाच्या पेशी वाढवायचो, पारदर्शक फ्लास्कांमध्ये, गुलाबी द्रावणात. त्या पेशींकडून एक विषाणू तयार करून घ्यायचो. आतलं त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकलेलं आणि त्या जागी बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत भरलेली. मुलाच्या शिरेत सोडला की तो पेशीपेशीत जाऊन ती प्रत पोचवतो. शरीराच्या दर किलोमागे तो इतका लागतो की त्यातली शून्यं मोजताना आपलीच चूक होते. आमची जागा लहान. एका बॅचमध्ये जेवढा निघायचा, तेवढ्यात अकरा किलोंचं मूल बसायचं. आमच्या प्रमुखांनी, मिराशी सरांनी, तो आकडा डॉक्टर तांबोळींना फोनवर सांगितला तेव्हा मी शेजारी उभी होते. तेव्हा तो आकडाच होता.

"किती खाते ती?" मी विचारलं.

सारिका मुलीच्या केसांत क्लिपा खोचत म्हणाली, "तुम्ही इथंच कामाला?"

"वर. तिसऱ्या मजल्यावर."

"वर तर औषध करतात ना?" तिचे हात थांबले. "तुम्ही करता?"

मी होकारार्थी मान हलवली. रुग्णाशी असं बोलायची आम्हाला मुभा नव्हती. पण त्या खोलीत मी अर्धी उघडी बसलेली, ती पोरीला कपडे घालतेय. कुणाला काय लपवणार?

"अगं बाई! म्हणजे स्वयंपाकीणच भेटली की!" ती चक्क माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. "सांगा ना, कसं करता? मला काही कळणार नाही, पण सांगा."

मी सांगितलं. पेशी किती नाजूक, त्यांना अंगाइतकी ऊब लागते, एकीला जरी बाहेरचा जंतू लागला तरी सगळी बॅच फेकावी लागते. ती पुढे वाकून ऐकत होती.

"आणि खायला?"

"साखर, क्षार. आणि वासराच्या रक्तातलं पिवळं पाणी. त्याच्यावर त्या बाळसं धरतात."

"रोज घालता?"

"दिवसाआड बदलतो. उपासमार झाली की त्या कामच करत नाहीत."

बोलून गेले आणि जीभ चावली. सारिका मात्र हसली. "बरोबर आहे. त्यांना घाला पोटभर. कसूर करू नका."

जायला निघाली तेव्हा तिनं मुलीचा हात धरून माझ्याकडे हलवला. "ताईला टाटा कर. ताई तुझं चालणं शिजवतीय वर."

*

मी तांबोळी मॅडमना सांगितलं. सांगायलाच हवं होतं. त्यांनी सारिकाला बोलावून चांगलं खडसावलं, आहारतज्ज्ञाकडे पाठवलं, किती खायला द्यायचं ते तिच्याकडून वदवून घेतलं. पुढच्या आठवड्यात मी हिरकणी कक्षात शिरले तर ती माझीच वाट बघत बसलेली.

"चुगली केलीत ना?"

"सारिका, अगं, मूल आहे ते. असं उपाशी..."

"उपाशी नाही ठेवत. कमी घालते."

"तू स्वतः अंगणवाडीत..."

"तेच म्हणते. मला शिकवू नका." तिचा आवाज चढला आणि मांडीवरची स्वरू दचकली. तिला थोपटत ती खालच्या सुरात बोलू लागली. "अकरावर काटा गेला तर काय करायचं, ते सांगा. तुम्ही आणखी बनवाल?"

"पुढची बॅच दिवाळीनंतर. तोपर्यंत..."

"तोपर्यंत ही बसायची राहील. मला माहिती आहे. माझा मोठा असाच गेला."

मला हे ठाऊक नव्हतं. मी खुर्चीत बसले.

"त्याला मी सगळं खायला घातलं, ताई. तूप, खारीक, नाचणीची खीर. भरपूर खाऊन पिऊन गेला." ती पडद्याकडे बघत होती. "तुमची अजून कोवळी आहे, म्हणून तुम्हाला भूक दिसते. मला ही चालताना दिसते."

 मी पंप काढला. ईराला सोडून आले की दुपारपर्यंत अंग इतकं भरून यायचं की ब्लाउज भिजायचा. स्वरू टक लावून बघत होती. तिला पलीकडे वळवताना सारिका म्हणाली, "ते सगळं जाऊ द्या. तो विषाणू काय म्हणतो? वाढतोय का?"

मला हसू आलं. अशी विचारपूस मिराशी सरही करत नसत.

"उद्या सुरुवात. उद्या पेशींमध्ये आम्ही तीन वस्तू सोडणार. एक विषाणूचं कवच करायची कृती. दुसरी, स्वरूला हवं ते जनुक."

"आणि तिसरी?"

"तिसरी सोबत. आपला विषाणू स्वभावाने गरीब आहे, एकट्यानं वाढतच नाही. निसर्गात तो सर्दीच्या विषाणूच्या पाठोपाठ येतो. त्याचं बोट धरल्याशिवाय याचं काही चालत नाही. म्हणून आम्ही त्या सर्दीवाल्याचे थोडे तुकडे घालतो. सर्दी होत नाही त्यानं, नुसती सोबत."

"म्हणजे धाकट्या दिरासारखा झाला की," सारिका म्हणाली. "भाऊ पुढं झाल्याशिवाय दारात पाऊल टाकत नाही."

आम्ही दोघी खूप हसलो. स्वरूही हसली, का ते न कळता.

*

त्या बॅचसारखी बॅच मी पुन्हा पाहिली नाही. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी नीट बिलगलेल्या, काठ स्वच्छ. तीन दिवसांनी त्या फुगून गोल झाल्या, तळ सोडू लागल्या. तेच हवं असतं. पेशी विषाणूनं भरते आणि मग आपण तिला फोडतो. फ्लास्कांवर मी तारीख घालायचे, नाव कधी नाही, नियमच आहे. पण तोंडाला मास्क लावून, हातांवर हातमोज्यांचे दोन थर चढवून इनक्युबेटरचं दार उघडलं की मी मनातल्या मनात म्हणायचे, खा गं बायांनो, पोटभर खा.

गाळून, धुऊन, शुद्ध करून शेवटी जे उरतं ते पाण्यासारखं दिसतं. मोजणी आली तेव्हा मिराशी सर, जे कधी कुणाला शाबासकी देत नाहीत, कागद दुसऱ्यांदा वाचून म्हणाले, "ऋता, अकरा किलो आरामात." मग जंतूंच्या तपासण्यांत काही आठवडे गेले. त्याही नीट निघाल्या. कुप्या डीप फ्रीझरमध्ये गेल्या, आणि खाली वॉर्डात स्वरूसाठी खाट राखून ठेवली.

त्या दुपारी मी जिने उतरले ते जवळजवळ धावतच.

सारिका काट्यापाशीच होती. स्वरूचे गाल बसले होते. नाकाखाली दोन्ही बाजूंना सुकलेल्या रेघा होत्या.

"झालं!" मी म्हणाले. "सगळ्या तपासण्या पास."

तिनं आधी मुलीला काट्यावरून उचललं, घट्ट धरलं आणि मगच विचारलं, "खरं?"

"अगदी खरं. किती भरलं?"

"दहा नऊशे." तिचे डोळे भरून आले. "बसली, ताई! मापात बसली पोर!" पदराच्या टोकानं तिनं स्वतःचे डोळे पुसले आणि त्याच टोकानं मुलीचं नाक. "सर्दी सोडत नाही मेली. महिना होत आला. जाईल आता."

"जाईल," मीही म्हणाले. वजन मनासारखं भरलं होतं. आम्ही दोघी त्या आनंदात होतो.

*

औषध द्यायच्या आधी रक्ताची शेवटची तपासणी पुन्हा करतात. मुलाच्या शरीराला तो विषाणू ओळखीचा नाही ना, एवढंच बघायला. ओळखीचा असला तर शरीर त्याला दारातच मारून टाकतं, वर मूल दगावायचीही भीती असते. पहिल्या तपासणीत स्वरूचं रक्त कोरं होतं. ही दुसरी म्हणजे नुसती औपचारिकता होती.

तांबोळी मॅडमचा फोन वर आला. "ऋता, खाली येशील? लोंढे बाई ऐकत नाहीत. म्हणतात, वरच्या ताईंनी सांगितलं तरच खरं मानेन."

मॅडमच्या खोलीत सारिका उभी होती. खुर्ची होती, पण ती उभीच. स्वरू मॅडमच्या टेबलावर बसून पेपरवेट गरगर फिरवू पाहत होती. ते जड होतं, तिच्यानं फिरत नव्हतं.

मी कागद वाचला. मग परत वाचला.

"सांगा," सारिका म्हणाली.

"सारिका, तिच्या रक्तात अँटीबॉडी आल्यात. आपला जो विषाणू आहे ना, तसाच तिच्या शरीरात येऊन गेलाय. बाहेरचा, आपोआप आलेला. आता तिचं शरीर त्याला ओळखतं."

"मग?"

"मग आपलं औषध देता येत नाही."

"थोडं?"

"थोडंही नाही."

"उतरेल ना ते? कधीतरी?"

मॅडम म्हणाल्या, "कधी कधी उतरतं. पण वर्षं जातात. आपण बघत राहू, मी सोडून देणार नाही. पण तोपर्यंत तिचा आजार..."  चष्मा काढून त्या खिडकीकडे बघू लागल्या.

 सारिका विचार करत होती हे मला दिसत होतं, आणि ती कुठे पोचणार हेही. माझ्याच बोटाला धरून पोचणार होती. तिथं पोचू नये असं मला फार वाटलं.

"सोबतीनं येतो म्हणालात ना तुम्ही," ती म्हणाली. "सर्दीच्या."

"सारिका..."

"सर्दीबरोबर आला."

"तसंच असेल असं नाही. कशानंही येऊ शकतो. निम्म्या जगाला होऊन गेलेला असतो, कळतही नाही."

"मी कमी घालत होते म्हणून झालं का, ताई?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सारिकाकडे पाहून स्पष्ट म्हणाले, "नाही. सर्दी कुणालाही होते. माझ्या ईरालाही होते."

"होते. पण चार दिवसांत जाते." ती मान हलवत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. अंगणवाडीत नव्या आयांना समजावून सांगावं तसा आवाज. "पोराचं पोट भरलेलं नसलं की दुखणं मुक्काम करतं. मीच सांगते गावात. चित्र लावून सांगते. एका बाजूला गुटगुटीत पोर, एका बाजूला किरटं. बाया विसरतात म्हणून दर महिन्याला सांगते."

ती पुढे झाली आणि टेबलावरचं ते पेपरवेट तिनं मुलीसाठी गरकन फिरवून दिलं. स्वरू खिदळली.

ती बॅच वाया गेली नाही. पुढच्या नंबरावर परभणीचा एक मुलगा होता, साडेनऊ किलोचा. त्याला दिली. तो आता भिंतीला धरून उभा राहतो असं मॅडमनी पुढे सांगितलं, आणि मला आनंद झाला. खरंच झाला. स्वरूबद्दल विचारायला मात्र अजून तोंड उघडलेलं नाही. या गोष्टीला चार वर्षं झाली.

त्या दिवशी खोलीबाहेर आल्यावर सारिका म्हणाली, "आता वजन वाढलं तर चालतंय ना?"

"चालतं," मी म्हणाले.

"चला मग. हिला जेवायला घालू."

कॅन्टीनमध्ये गर्दी ओसरली होती. तिनं थाळी मागवली, वर वाटीभर शिरा, वर केळं. वरणभातावर तूप घालायला लावलं, पुरेसं वाटलं नाही म्हणून आणखी घालायला लावलं. स्वरूला मांडीत घेऊन तिनं भात कालवला, मऊ, गुठळी न ठेवता. मुलीचे डोळे मोठे झाले. पहिला घास तिनं आईच्या बोटांसकट चोखला. दुसऱ्याला ती पुढे झेपावली. तिसऱ्याच्या वेळी तोंडातला संपायच्या आधीच आ वासून बसली. भाताची शितं हनुवटीला लागली होती आणि ती मला बोटानं दाखवत होती, ताटातलं एकेक, हे बघ, हे बघ.

चौथा घास गिळला आणि तिनं तोंड मिटलं.

"हं, आ कर," सारिका म्हणाली.

स्वरूनं मान हलवली. "झालं माजं."

"नाही गं राणी, अजून आहे. बघ, शिरा आहे."

"झालं." ताटाकडे एकदा पाहून तिनं नजर ओढून घेतली आणि दोन्ही तळहात कसेबसे वर उचलून एकमेकांजवळ आणले. चेहऱ्यावर मोठं काम केल्याचं हसू होतं.

"काय करतेय ती?" मी विचारलं.

सारिका माझ्याकडे बघत नव्हती. "चार घास झाले की मी म्हणायचे, झालं ना माझ्या शहाणीचं? आणि टाळ्या वाजवायचे. पुढचं मागायची नाही मग. शिकली." तिनं घास पुन्हा मुलीच्या ओठांशी नेला. "खा ना गं बाई. आता खायचं असतं. एक खा. आईसाठी खा."

स्वरूनं ओठ घट्ट मिटले. आपण बरोबर करतोय याची तिला खात्री होती. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत आईकडे. हात जड व्हायला लागले तरी तिनं ते खाली घेतले नाहीत. कुणीच काही करत नाही असं बघून तिचं हसू हळूहळू डगमगायला लागलं, खालचा ओठ पुढे आला.

सारिकानं हातातला घास ताटात ठेवला. बरबटलेल्याच हातांनी तिनं टाळ्या वाजवल्या.